बल्ब लागला, म्हणजे काम झालं?

नऊ वॉटचा एलईडी बल्ब घरातल्या तारेतून साधारण ४० मिलिअँपिअर प्रवाह ओढतो. एका अँपिअरचा पंचविसावा हिस्सा. बिलात तो जाणवतही नाही. एवढाच प्रवाह एका हातातून शिरला, छातीतून पायाकडे गेला आणि काही सेकंद टिकला, तर हृदयाची लय मोडू शकते. आता प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या ज्या एमसीबीच्या भरवशावर आपण निर्धास्त असतो त्याच्या अंगावर काय लिहिलंय ते बघा. १६. म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. ओल्या हाताच्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून २३० मिलिअँपिअर जातील. सोळाच्या एमसीबीच्या हिशेबी हा माणूस म्हणजे पाच-सहा बल्ब. तो एमसीबी जागचा हलणार नाही.

घरातलं विजेचं काम स्वतः करावं की वायरमनला बोलवावं, हा वाद आपल्याकडे बहुधा पैशावरून होतो, नाहीतर 'येतो म्हणाला आणि आलाच नाही' यावरून. दोन्ही तक्रारी रास्त आहेत. पण खरी भानगड वेगळीच आहे. नळ चुकीचा बसवला तर तो गळतो आणि तासाभरात आपली चूक फरशीवर पसरते. विजेचं चुकलेलं काम गळत नाही. बल्ब लागतो, पंखा फिरतो, पाणी तापतं. सगळं वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं. स्वतः हौसेने काम करणारा माणूस बटण दाबतो, उजेड पडतो आणि तो समाधानाने पक्कड खाली ठेवतो. या धंद्यात उजेड पडणं हा कशाचाच पुरावा नाही, हे कळायला त्या तारेच्या आत थोडं डोकवावं लागतं.

आपण सहज म्हणतो, कोयनेची वीज घरात आली. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात टर्बाइन फिरतं हे खरं, पण तिथला एकही इलेक्ट्रॉन आपल्या गिझरपर्यंत येत नाही. यायचं म्हटलं तरी त्याला येता येणार नाही, कारण कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्येच तांब्याची वाट तुटलेली असते. एका वेटोळ्यातून दुसऱ्या वेटोळ्यात तार जातच नाही, जातं ते फक्त चुंबकीय क्षेत्र. आपल्या भिंतीतले इलेक्ट्रॉन त्या तारेबरोबरच घरात आलेले आहेत. विजेचं बिल आपण त्यांना हलवण्याचं भरतो. आणि हलतात तरी किती? दोन हजार वॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर घेतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत एवढ्या प्रवाहाला इलेक्ट्रॉनांच्या पुढे सरकण्याचा वेग येतो सेकंदाला पाव मिलिमीटर. गोगलगाय त्यांना सहज मागे टाकेल. त्यात आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे प्रवाहाची दिशा सेकंदात शंभर वेळा उलटते. विजेच्या रेट्याने इलेक्ट्रॉन मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागांएवढा पुढे जातो, तोवर परत फिरायची वेळ होते. या नुसत्या थरथरण्यावर पंधरा मिनिटांत बादलीभर पाणी तापतं.

मग ऊर्जा येते कुठून? तारेच्या भोवतालून. तारेभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून ती प्रकाशाच्या वेगाशी बरोबरी करू पाहणाऱ्या वेगाने धावते. तांबं तिला वाट दाखवतं, एवढंच. ऐकायला हे पुस्तकी वाटेल, पण याचा पुरावा बऱ्याच घरांत रात्री दिसतो. बटण बंद केलं तरी एलईडी बल्ब मंद, आजारी उजेडात टिमटिमत राहतो. बटणाकडे जाणाऱ्या आणि तिथून परत येणाऱ्या तारा पाइपातून शेजारीशेजारी धावतात. मध्ये तांब्याचा संबंध नसतानाही चालू तारेचं क्षेत्र बंद तारेत किंचित प्रवाह उठवतं. जुन्या साठ वॉटच्या बल्बला तो जाणवतही नव्हता. एलईडीला मात्र तेवढाही पुरतो.

पण याच टिमटिमण्याचं दुसरंही एक कारण असू शकतं आणि ते गमतीचं नाही. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेलं असणं.

बल्बला दोन तारा लागतात. फेजच्या तारेत २३० व्होल्ट असतात. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असते, म्हणून ती जवळपास शून्यावर राहते. बटणाने दोन्हींपैकी कुठलीही तार तोडली तरी बल्ब विझतो. विझलेल्या बल्बकडे पाहून कोणती तुटली ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बटण फेजवर असेल तर होल्डर मेलेला असतो. न्यूट्रलवर असेल तर बल्ब बंद, होल्डर मात्र जिवंत. दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी बटण बंद केल्याची खात्री करून, ओल्या फडक्याने होल्डर पुसायला स्टुलावर चढतं तेव्हा हा फरक पहिल्यांदा समजतो. तोवर दहा वर्षं सगळं छान चाललेलं असतं.

अशी 'चालणारी' चूक आणखी एक सांगतो. माझ्या मते सगळ्यांत घातक तीच. बऱ्याच जुन्या घरांत अर्थिंग, म्हणजे उपकरणाचा पत्रा जमिनीला जोडणारी तिसरी तार, नसतं. नव्या गिझरच्या प्लगला तीन पिना असतात आणि भिंतीत तारा दोनच येतात. तेव्हा कुणीतरी हुशारी करून सॉकेटमध्येच अर्थिंगचं भोक न्यूट्रलला जोडून टाकतो. शेवटी दोन्ही जमिनीलाच जातात ना! टेस्टर लावा, अर्थिंगच्या भोकात तो पेटत नाही. गिझर तापतो, शॉक बसत नाही. आणि मग एका पावसाळ्यात मीटरजवळचा न्यूट्रलचा स्क्रू गंजून सुटतो. फेज गिझरच्या कॉइलमधून फिरून न्यूट्रलच्या टोकाशी येते, परतीची वाट बंद असते, आणि तिथून आपल्या त्या हुशारीच्या तारेने थेट गिझरच्या पत्र्यावर आणि नळावर येते. गिझरमध्ये काहीही बिघडलेलं नसताना तो २३० व्होल्टचा होतो.

आता पुन्हा त्या एमसीबीकडे. तो माणसाला वाचवत नाही, पण म्हणून त्याला हिणवायचं कारण नाही. काडेपेटीपेक्षा थोड्याच मोठ्या त्या डबीत दोन स्वतंत्र पहारेकरी बसवलेले असतात. एक म्हणजे दोन धातूंची चिकटवलेली पट्टी. प्रवाह जास्त झाला की ती तापते, दोन धातू वेगवेगळे प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि खटका सोडते. ती मुद्दाम संथ असते. दुसरा पहारेकरी म्हणजे तारेचं वेटोळं: शॉर्टसर्किट झालं की ते क्षणात चुंबक बनून खटका ओढतं, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. एमसीबीवर 'सी १६' असं लिहिलेलं असतं त्यातल्या 'सी'चा अर्थ, हा दुसरा पहारेकरी १६च्या पाच ते दहा पट प्रवाहाला जागा होईल. फ्रिज किंवा पाण्याची मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढते; तेवढ्याने घर अंधारात जाऊ नये म्हणून ही सवलत. खाली चौकोनात ६००० किंवा १०००० असा आकडा असतो. तेवढ्या अँपिअरचं शॉर्टसर्किट तो स्वतः न फुटता तोडू शकतो. संपर्क सुटताना आत जी ठिणगी उठते तिचं तापमान हजारो अंशांचं असतं. ती ठिणगी पातळ पत्र्यांच्या रांगेत ढकलून, तिचे तुकडे करून विझवली जाते. हे सगळं आपण 'खट्' एवढंच ऐकतो.

हा सारा बंदोबस्त तारेसाठी आहे. दीड चौरस मिलिमीटरची तार भिंतीत तापून तिचं प्लास्टिक वितळू नये, म्हणून तिच्या सोसण्याइतकाच एमसीबी निवडायचा असतो. 'सोळाचा सारखा पडतो हो' म्हणून बत्तीसचा बसवला, की तो पडायचा थांबतो. हेही 'चाललं'. फक्त आता पहारेकऱ्यापेक्षा आधी तार हरणार. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, आणि ती तार आहे प्लास्टरच्या आत, लाकडी कपाटामागे.

माणसासाठीचं यंत्र निराळं, त्याचं नाव आरसीसीबी. त्याच्या आतली कल्पना इतकी साधी आहे की ती आधी कुणाला सुचली नाही याचंच नवल वाटावं. फेज आणि न्यूट्रल, दोन्ही तारा एकाच लोखंडी कड्यातून जातात. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह सारखा असेल तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात आणि कड्याला काहीच कळत नाही. गेलेल्यातला थोडासा वाटेत कुणाच्या तरी अंगातून जमिनीत गेला, तर हिशेब जुळत नाही, कड्यात क्षेत्र उरतं आणि खटका पडतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या फरकाला पडलाच पाहिजे.

असे आकडे ठरवण्यामागे माणसांच्या अंगावरचे प्रयोगही आहेत. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात चार्ल्स डॅलझील नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या लोकांच्या हातात वीजवाहक धरायला दिला आणि प्रवाह हळूहळू वाढवत नेला. प्रश्न एकच: किती प्रवाहापर्यंत माणूस आपल्या इच्छेने मूठ सोडू शकतो? पुरुषांची सरासरी आली १६ मिलिअँपिअर, बायकांची साधारण साडेदहा. त्याच्या वर गेलं की हाताचे स्नायू मेंदूचं ऐकत नाहीत, तारेचं ऐकतात. हात मिटवणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बळकट असल्यामुळे मूठ आवळतच जाते. 'करंटने धरून ठेवलं' असं आपण म्हणतो तेव्हा धरलेलं असतं आपणच. याच संशोधनातून डॅलझील यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अशा गळतीवर तुटणारं घरगुती यंत्र आकाराला आणलं.

जुने वायरमन खात्री नसलेल्या पत्र्याला तळहात लावत नाहीत, बोटांची मागची बाजू निसटती लावून बघतात. करंट असलाच तर हात मिटताना पत्र्यापासून दूर येतो. बर्कलीचं नावही न ऐकलेल्या माणसाच्या हाताला डॅलझील यांचा निष्कर्ष पाठ असतो! (ही युक्ती करून पाहण्यासाठी सांगितलेली नाही. त्यांनीही आता ती सोडावी.)

आरसीसीबीमुळे शॉक बसतच नाही असं नाही. बसतो, आणि जोराचा बसतो; पण अंगातून दीडशे मिलिअँपिअर किंवा जास्त जात असतील तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात वीज तुटते. एका ठोक्याला हृदय यापेक्षा वीसपट वेळ घेतं. मात्र कुणी लाकडी स्टुलावर उभं राहून एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली, तर गेलेला सगळा प्रवाह कड्यातूनच परत येतो. हिशेब चोख जुळतो. आरसीसीबीच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे एक बल्ब.

एवढे पहारे ओलांडूनही आग लागते. तिचं नेहमीचं उगमस्थान फार किरकोळ दिसतं: सैल स्क्रू. तीन हजार वॉटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर घेतो. सॉकेटच्या मागे तार जिथे स्क्रूखाली दाबलेली असते तिथे दशांश ओहमाचा रोध उरला, तर त्या टिंबावर सतरा वॉट उष्णता तयार होते. छोटं सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच वॉटचं असतं, आणि इथे ती उष्णता मसुरीच्या दाण्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या कुशीत कोंडलेली असते. तापून तांब्यावर काळा थर चढतो, त्याने रोध वाढतो, म्हणून आणखी तापतं. दर आंघोळीला धातू फुगतो, मग आकसतो, आणि स्क्रू आणखी थोडा सैल होतो. एमसीबीला दिसतात १३ अँपिअर, त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. आरसीसीबीला गळती दिसत नाही. ही चूक कळते ती नाकाला, जळकट, माशासारख्या वासाने. नाहीतर सॉकेटच्या भोकाभोवती आलेल्या तपकिरी डागाने. जुन्या इमारतींत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा असतील तर हे आणखी लवकर होतं, कारण तो धातू स्क्रूखाली दबत, पसरत राहतो आणि त्याच्यावरचा गंज वीज वाहूच देत नाही.

म्हणून चांगला वायरमन ओळखायचा असेल तर त्याच्या बोटांकडे पाहावं. आमच्याकडे येणारे काका पॉवर पॉइंट जोडायला बसले की मी काम सोडून बघत राहतो. तारेचं प्लास्टिक ते सोलतात ते आतल्या तांब्याचा एकही केस न कापता. एक तुटला तरी तेवढं टोक छाटून पुन्हा सोलतात. केस पिळून घट्ट करतात. तार बारीक आणि भोक मोठं असेल तर टोक दुमडून दुहेरी करतात, म्हणजे स्क्रूला चावायला काहीतरी मिळतं. प्लास्टिक स्क्रूखाली जात नाही आणि तांबं बाहेर उघडं राहत नाही. स्क्रू आवळला की तार धरून एक हिसका. मग पुन्हा अर्धा आटा. बोर्ड बंद करताना मागे बोटभर तार शिल्लक ठेवतात, पुढच्या वेळी येणाऱ्यासाठी. या सगळ्याला काही मिनिटंच जास्त लागतात, आणि प्लेट बसली की यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. आपण मजुरी देतो ती या न दिसणाऱ्या कामाची. बल्ब तर हे न करताही लागला असता.

त्यांच्या खिशातला टेस्टर हे तर स्वतंत्र आश्चर्य. त्याच्या पोटात निऑनचा इवलासा दिवा आणि त्याच्याशी जोडलेला दहा लाख ओहमच्या घरातला रोध असतो. टोक फेजला लागलं आणि आपण वरच्या धातूवर बोट ठेवलं, की प्रवाह दिव्यातून, रोधातून, आपल्या बोटातून, अंगातून जमिनीकडे जातो. टेस्टर पेटतो तेव्हा आपण त्या सर्किटचा भाग झालेले असतो. फक्त त्या रोधामुळे अंगातून जाणारा प्रवाह मिलिअँपिअरचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा असतो, म्हणून जाणवत नाही. रबरी चपला घालून उभे असलात तरी तो मिणमिणतो, कारण आपलं शरीर आणि जमीन मिळून एक बारीकसा कपॅसिटर होतो आणि उलटसुलट होणारी वीज त्यातूनही थोडी वाट काढते.

पण टेस्टर खोटंही बोलतो. भर उन्हात त्याचा उजेड दिसत नाही. दिवा गेलेला असेल तर जिवंत तारही मेलेली भासते. आणि शेजारच्या तारेच्या क्षेत्राने उठलेल्या पोकळ दाबावरही तो पेटतो. एक कोडं त्याचंच आहे: पंखा बंद पडलाय, दिवे लागत नाहीत, आणि सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. घरमालक चक्रावतो, 'दोन्हीकडे फेज कशी आली?' वायरमन बोर्ड उघडायच्या आधीच सांगतो, न्यूट्रल तुटलाय. बटण चालू असलेल्या कुठल्या तरी बल्बमधून फेज पलीकडे गेलेली असते आणि परत जायला वाट न मिळाल्यामुळे न्यूट्रलच्या तारेत तुंबून बसलेली असते. म्हणून वायरमन टेस्टरवर थांबत नाही. होल्डरला दोन तारा लावून केलेला टेस्ट लॅम्प तो काढतो. तो खरा प्रवाह मागतो, त्यामुळे पोकळ दाबाला भुलत नाही. आणि भिंतीतल्या तारेचं प्लास्टिक शाबूत आहे का हे पाहायला मेगर लागतो. तो ५०० व्होल्टचा दाब देऊन लाखो ओहम मोजतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीमुळे आरसीसीबी वरचेवर पडू लागला, तर नेमका कुठला पॉइंट गळतोय हे मेगरनेच सापडतं. अनेक घरांत याला उपाय म्हणून आरसीसीबीच काढून टाकतात. तक्रार करणाऱ्याचं तोंड बांधण्याचा हा प्रकार.

मग स्वतः काय करावं? कायद्याने ही रेषा फार शहाणपणाने आखली आहे. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत ती होती, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या सुरक्षाविषयक विनियमांतही तीच आली. दिवे, पंखे, फ्यूज, बटणं, अडीचशे व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं आणि फिटिंग्ज बदलायला मुभा आहे, पण अट अशी की त्याने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. त्यापलीकडे नवा पॉइंट काढणं, तार वाढवणं, दुरुस्ती करणं यासाठी राज्य शासनाचा परवाना असलेला ठेकेदार, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक आणि परवानाधारक कामगार लागतो. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत, दोन्ही दोन वर्षांचे. घरी 'वायरमन' म्हणून येणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना असतोच असं मुळीच नाही; विचारायला लाजू नये. आल्या आल्या 'मेन कुठे आहे?' असं ज्याने विचारलं, तो निम्मा पास.

आपल्या वाट्याच्या कामात माझं आवडतं काम पंख्याचा कंडेन्सर बदलणं. पाचवर ठेवूनही पंखा रांगतो, तेव्हा दोष बहुतेकदा त्या अडीच मायक्रोफॅरडच्या डबीचा असतो. एका फेजच्या विजेत फिरवण्याची ताकद नसते, ती चुंबकीय क्षेत्र नुसतं पुढेमागे डोलवते. कंडेन्सर दुसऱ्या वेटोळ्याचा प्रवाह आधी नेतो. पुढेमागे डोलणारी दोन क्षेत्रं काटकोनात आणि वेळेच्या अंतराने मिळाली की त्यांचं फिरणारं क्षेत्र होतं. कंडेन्सर पूर्ण गेलेला पंखा नुसता गुणगुणतो, आणि पातं ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला फिरू लागतो. त्याला उजवं-डावं कळेनासं होतं. आता या डबीत काय असतं? प्लास्टिकची पातळ फीत आणि तिच्यावर चढवलेला धातूचा थर, मिलिमीटरच्या लक्षांश जाडीचा. विजेच्या धक्क्याने फितीला कुठे भोक पडलं, तर त्याच ठिणगीने भोवतालचा धातू वाफ होऊन उडून जातो आणि भोक आपोआप वेगळं पडतं. कंडेन्सर स्वतःची जखम स्वतः भरतो. प्रत्येक जखमेपाठी धातूचा एक ठिपका कमी होतो, तेवढी क्षमता घटते, आणि म्हणून पंखा एका दिवसात बंद न पडता उन्हाळ्यामागून उन्हाळे हळू होत जातो. नवा आणताना जुन्यावरचाच आकडा बघून आणावा. बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, ते न्यूट्रलवर असू शकतं, एमसीबी पाडायचा. आणि कंडेन्सर काही वेळ विद्युतभार साठवून ठेवतो. तो जीव घेण्याइतका नसतो, पण दचकवून स्टुलावरून पाडायला पुरतो. बीएलडीसी पंख्यात ही डबी नसते, तिथे हात घालू नये.

छतावर सौर पॅनल बसवणाऱ्यांनी मात्र त्या बाजूच्या तारांना स्वतः हातच लावू नये. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्या क्षणी ठिणगीचा दम तुटतो. पॅनलची वीज एकाच दिशेची, ती शून्यावर येतच नाही. तिची ठिणगी एकदा उठली की जळत राहते, आणि ऊन असेपर्यंत पॅनलला बंद करायचं बटण कुणाकडेच नसतं.

राहिलं अर्थिंग. आपल्या दख्खनच्या पठारावर ही गोष्ट वाटते त्याहून अवघड आहे, कारण थोडं खणलं की मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात ते ओल धरून ठेवायला आणि माती वाहक व्हायला. म्हणूनच उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतायची जुनी पद्धत. वैशाखात खड्डा कोरडा पडून त्याचा रोध ५० ओहमवर गेला, तर फेज गिझरच्या पत्र्याला चिकटली तरी जमिनीत जेमतेम साडेचार अँपिअर जातात. सोळाचा एमसीबी पडत नाही, पत्रा जिवंत राहतो. आरसीसीबी मात्र पडतो, त्याला अँपिअरचे तीन शतांशही भरपूर झाले. प्लगची अर्थिंगची पिन लांब आणि जाड असते तीही याच कामासाठी: लांब, म्हणजे घालताना ती आधी लागते आणि काढताना शेवटी सुटते, जाड, म्हणजे चुकून फेजच्या भोकात शिरत नाही.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की थोडासा प्रवाह मुद्दाम कड्याला वळसा घालून नेला जातो, आरसीसीबीला खोटी गळती दिसते आणि घर अंधारात जातं. महिन्यातून एकदा हे करावं, कारण वर्षानुवर्षं न हललेला खटका धुळीने आणि सुकलेल्या वंगणाने अडकून बसतो. घरातल्या कुणीही करावं असं हे काम आहे. दाबूनही पडला नाही, तर त्याच दिवशी वायरमनला फोन करायचा. पडला, तर यंत्र शाबूत आहे. खड्ड्यातलं अर्थिंग शाबूत आहे की नाही हे मात्र ते बटण सांगत नाही. ते मोजायला अर्थ टेस्टर लागतो, आणि तो चालवता येणारा माणूस.